शाळा व्यवस्थापन समिती : खानदेशातील शालेय आरोग्य व सुरक्षेचा कारभार

शाळा व्यवस्थापन समिती ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांसाठी नेमली जाणारी, पालकांचे बहुमत असलेली वैधानिक समिती होय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच्या कलम २१ ने ही समिती अनिवार्य केली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात मुलांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा प्रश्न गावकऱ्यांना अधिकाराने विचारता येतो, तो मुख्यतः याच समितीत. शालेय सुरक्षेची धोरणे वरच्या पातळीवर ठरतात. पाण्याची टाकी केव्हा धुतली आणि स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे मात्र समितीलाच पाहावे लागते.

समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य विद्यार्थ्यांचे पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. महाराष्ट्रात सदस्यसंख्या साधारणतः १२ ते १६ असते. अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांतूनच निवडले जातात, उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा सदस्य, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ असतात, तर मुख्याध्यापक हे पदसिद्ध सदस्य सचिव असतात. दर दोन वर्षांनी पालक सभेतून समितीची पुनर्रचना होते.

बैठक महिन्यातून किमान एकदा घ्यावी लागते. ती बोलावणारा, विषयपत्रिका तयार करणारा आणि इतिवृत्त लिहिणारा सदस्य सचिव, म्हणजे ज्याच्या कामावर समितीने देखरेख ठेवायची तोच मुख्याध्यापक, हा या रचनेतील सर्वांत नाजूक सांधा आहे. दोनशिक्षकी शाळेत तर त्याच्याकडे अध्यापन, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे ही कामेही असतात. त्यात भाषेची अडचण येते. सातपुड्यातील पाड्यांवर सदस्य पावरी किंवा भिली बोलतात, तापीकाठच्या गावांत अहिराणी चालते आणि इतिवृत्त मात्र प्रमाण मराठीत लिहिले जाते. ठराव सदस्यांच्या बोलीत वाचून दाखवल्यानंतरच सही किंवा अंगठा घेतला, तरच ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांना अर्थ राहतो. सूचक आणि अनुमोदक यांची नावे नोंदवहीत असणे हीसुद्धा केवळ औपचारिकता नव्हे, कारण कुंपणाचा किंवा पडक्या खोलीचा विषय पुढे पंचायत समितीकडे नेताना तोच एक लेखी आधार हाती असतो.

आरोग्याच्या बाबतीत समितीचा सर्वांत ठोस अधिकार मध्यान्ह भोजनावर आहे. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील विषारी अन्नाने २३ मुले दगावली. त्यानंतर २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनी अन्नाचा दर्जा, स्वयंपाकाची स्वच्छता आणि वाटप यांवर देखरेख करण्याचे काम समितीकडे स्पष्टपणे सोपवले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखून त्याची नोंद करावयाची असते. इमारतींच्या सुरक्षिततेचा आग्रहही असाच दुर्घटनेतून आला आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातील शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. भिंतीवर टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत पाहणे हे काम तेव्हापासून कोणाच्या तरी नावावर असणे आवश्यक झाले आहे.

खानदेशात या विषयांना प्रदेशाचे स्वतःचे रूप येते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो; तेव्हा सकाळची शाळा, सावली आणि पिण्याचे पाणी हे सुरक्षेचेच विषय ठरतात. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. अशा मुलाच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून कोणत्या मुलाला उन्हात धावायला लावायचे नाही हे शिक्षकाला ठाऊक हवे आणि त्याच वेळी मुलाचा आजार भर बैठकीत उच्चारला जाता कामा नये. ही दोन्ही पथ्ये एकदम पाळणे ही समितीची खरी कसोटी आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात, परंतु पुढील उपचारासाठी मुलाला रुग्णालयापर्यंत कोण नेणार, हे गावातच ठरावे लागते.

समितीची ताकद पैशाजवळ येऊन थांबते. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि तो समिती तयार करते, पण मंजुरी व निधी वरून येतो. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरवलेले आहे आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावयाची असते. या रकमेत संरक्षक भिंत होत नाही. शिक्षणाच्या अधिकाराच्या अधिनियमात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अनुदानित खासगी शाळांतील समिती तर केवळ सल्लागार उरली आहे, आणि शिक्षण संस्थांच्या शाळा मोठ्या संख्येने असलेल्या जळगाव-धुळ्यात ही मर्यादा विशेष जाणवते. अधिनियमातील कोणत्याही हक्काबाबत कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागणे अपेक्षित असते. समितीने ठराव करून दाद मिळाली नाही, तरी एकट्या पालकालाही हा मार्ग मोकळा असतो.

दिवाळीनंतर नंदुरबार व धुळ्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ती उन्हाळ्यातच परततात. या काळात बैठकीला गणपूर्ती होणे अवघड जाते. परिणामी ज्या पालकांची मुले हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि ज्यांच्या मुलांच्या सुरक्षिततेची काळजी सर्वाधिक घ्यायला हवी, त्या पालकांचाच आवाज बैठकीत नसतो. पुनर्रचनेची पालक सभा शाळा सुरू होताच जून-जुलैमध्ये, पेरणीच्या कामांत एखादा दिवस निवडून घेतली, तर हे पालक गावातच असतात आणि निवडूनही येऊ शकतात.