सोयाबीन पडलं, तेल चढलं

महागाईने ग्राहक चिडतो, मंदीने शेतकरी, असं आपण सहज बोलून जातो. लातूर-हिंगोलीकडच्या घरांत मात्र हे दोघे एकाच चुलीवर जेवतात.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू. तेल लगेच चढलं. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच, चार हजारांच्या आसपास राहिलं. कारण प्लांटमध्ये आहे: एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल जेमतेम १८ किलो, पेंड ८० किलोच्या आसपास. पेंडीचे भाव पडलेले असतील, तर एकट्या तेलाच्या जोरावर सोयाबीन किती वर येणार?

आता घरचा हिशोब मांडू. महिन्याला चार किलो तेल आणि किलोमागे २५ रुपये वाढ धरली, तर वर्षाला १,२०० रुपये जादा. वीस क्विंटल सोयाबीन क्विंटलमागे ७०० रुपये कमीने गेलं, तर १४,००० गेले. तोटा अकरा-बारा पट, पण तो वर्षातून एकदा होतो. किराणा दर महिन्याला भरावा लागतो. जी वस्तू वारंवार घेतो तिच्याच भावावरून माणूस महागाईचा अंदाज बांधतो, आणि उतरलेल्या भावापेक्षा चढलेला जास्त लक्षात ठेवतो. त्यात २०१२ पायाभूत वर्षाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा शहरात ३६ टक्के, तर ग्रामीण भागात ५४.

राहिला हमीभाव. तो कागदावर जाहीर होतो, मिळतो मात्र खरेदी केंद्राच्या काट्यावर. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, पासबुक देऊन नोंदणी करायची आणि मेसेजची वाट बघायची. मेसेज आला की मॉइश्चर. मर्यादा १२ टक्के. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल तिथवर वाळवला की ९३ किलो उरतो. ढगाळ हवेत तेवढं वाळवणंही अवघड. मर्यादा १५ वर नेली ती नोव्हेंबरात, तोवर दिवाळीसाठी बऱ्याच जणांनी माल व्यापाऱ्याला घातला होता. पुढे बारदाना संपला. साखळीतली कोणती कडी तुटली हे शेतकऱ्याला दिसत नाही. ‘सरकारनं घेतलंच नाही,’ एवढंच तो म्हणतो, आणि त्याच्या जागेवरून ते खोटंही नाही.

याच्या शेजारी ‘लाडकी बहीण’ ठेवून पाहा. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. ना मॉइश्चर, ना बारदाना; पैसे थेट खात्यात.

लोकसभेला मराठवाड्यात आठपैकी सात जागा गमावलेल्या महायुतीने त्याच वर्षी विधानसभेला इथल्या बहुसंख्य जागा जिंकल्या. सगळं श्रेय या हिशोबाला देणं भाबडेपणाचं. आरक्षणाचा प्रश्न आणि उमेदवारांची गणितं दोन्ही वेळी होतीच. पण सोयाबीनचा भाव मधल्या काळात सुधारला नव्हता, एवढं नक्की.

३० मे २०२५ ला तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं. किराण्याला दिलासा म्हणून. सोयाबीनच्या पेरणीच्या ऐन तोंडावर.