द्राक्षाचा एक मणी आणि हॅम्स्टरचं आंधळं आतडं

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात कुणाच्या घरी द्राक्षं नसतात? माझ्या बहिणीकडे दिंडोरीहून आख्खा क्रेट आला होता आणि भाचीने तिच्या हॅम्स्टरला, म्हणजे पाळलेल्या उंदरासारख्या छोट्या बिट्टूला, दिवसभरात पाच-सहा मणी खाऊ घातले, तेही स्वच्छ धुऊन, अगदी प्रेमाने. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "मामा, बिट्टू कोपऱ्यात बसलाय, मागून सगळा ओला झालाय." बहीण मागून म्हणत होती, अगं फळच तर आहे, फळाने काय होतंय! हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

आधी हिशोब बघा. सोनेरी हॅम्स्टरचं वजन साधारण 120 ते 150 ग्रॅम, दिवसाचं खाणं 10-12 ग्रॅम. चांगल्या द्राक्षाचा एक मणी चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे सहा मण्यांत दिवसाच्या खाण्याच्या दुप्पट माल आणि चारेक ग्रॅम साखर. काही लोक वजनाच्या पटीत माणसाशी तुलना करतात, एक मणी म्हणजे आपले अडीच किलो वगैरे, पण छोट्या प्राण्याचं शरीर फार वेगाने अन्न जाळतं त्यामुळे ती तुलना फुगते. त्याच्या रोजच्या खाण्याशी ताडून बघितलेलं बरं.

हा प्राणी मूळचा सीरियाच्या कोरड्या भागातला. 1930 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी अलेप्पोजवळ बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं पकडली, आज घराघरांतले जवळपास सगळे सोनेरी हॅम्स्टर त्याच कुटुंबाचे वंशज. दाणे, गवताचं बी, मुळं, अधूनमधून किडे यावर जगणारा जीव, रसाळ फळांची त्याला सवयच नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, त्याचं पोट. हॅम्स्टरच्या जठराला दोन कप्पे असतात, पहिल्यात अन्न थोडं आंबतं, दुसऱ्यात आम्ल आणि पाचकरस. पण खरा कारखाना पुढे आहे, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी, आंधळं आतडं. तिथे असंख्य जिवाणू चोथा आंबवतात, त्यातून छोटी आम्लं बनतात जी प्राण्याला ऊर्जा देतात, शिवाय ब जीवनसत्त्वं बनतात. गंमत अशी की ही जीवनसत्त्वं बनतात ती शोषायच्या जागेच्या पुढे, म्हणून हॅम्स्टर स्वतःच्या काही लेंड्या परत खातो. बघायला नको वाटतं पण त्याला ओरडू नका, त्याचं पोषण आहे ते.

सिन्नर-निफाडकडच्या शेतकऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. लग्नातला उरलेला भात गाईने भरपूर खाल्ला की ती फुगते, आडवी पडते, कधी कधी दगावते. स्टार्च अचानक आला की चोथा खाणारे जिवाणू मागे पडतात, पटापट लॅक्टिक आम्ल बनवणारे माजतात, पोट आंबट होतं आणि आंबटपणात आधीचे जिवाणू मरतात. हॅम्स्टरमध्ये छोट्या प्रमाणात असंच होतं. लहान आतड्याला न झेपलेली साखर पुढे सरकते, आम्ल आणि गॅस होतो, आणि आतड्यात विरघळलेला माल वाढला की ऑस्मोसिसने पाणी शरीरातून आतड्यात खेचलं जातं, म्हणजे जुलाब. एवढ्याशा जीवाकडे पाण्याचा साठा तो किती, एका दिवसात सुकतो. आणि उलटी करून मोकळं होणं त्याला जमत नाही, उंदीरवर्गाला ती सोयच नाही.

अशा वेळी घरातलं अँटिबायोटिक देऊ नका, हात जोडून सांगतो. 1970 च्या दशकात क्लिंडामायसिन घेतलेल्या काही रुग्णांना आतड्याचा भयंकर दाह व्हायचा, त्याचं कारण सापडलं ते हॅम्स्टरमुळे. औषधाने आतड्यातले चांगले जिवाणू मेले की क्लोस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजून विष सोडतो. हॅम्स्टरला पेनिसिलिनही असंच जिवावर बेतू शकतं.

काकडीने 'वेट टेल', म्हणजे शेपटीकडचा भाग ओला करणारा जुलाबाचा आजार, होतो हाही गैरसमज आहे. तो आजार बहुतेकदा लॉसोनिया नावाच्या जिवाणूचा आणि मुख्यतः पिल्लांना होणारा, साधे जुलाब आणि तो यात डॉक्टरच फरक करू शकतो. तसंच 'कलिंगड थंड असतं, उन्हाळ्यात भरपूर द्या' यातही काही दम नाही, आणि व्हिटॅमिन सी चे थेंबही विकत घेऊ नका, हॅम्स्टर ते स्वतःच्या यकृतात बनवतो.

मग द्यायचं काय? काकडी, गाजर, ढोबळी मिरची, फ्लॉवर, कोथिंबीर, करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोन-तीनदा, नवीन वस्तू एका वेळी एकच. फळ त्याहून कमी, सफरचंद बिया काढून, द्राक्षाचा पाव मणी पुरे. छोट्या जातीच्या ड्वार्फ हॅम्स्टरना मधुमेहाचा धोका असतो, त्यांना गोड फळ नकोच. कांदा-लसूण अजिबात नाही, त्यातली गंधकाची द्रव्यं अनेक प्राण्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, टोमॅटोचा पाला, अव्होकाडो, कडू लागणारी काकडी किंवा दुधी, हेही नाही. द्राक्षांवर फवारण्या होतात म्हणून नीट धुवा, फ्रीजमधून काढलेलं थंडगार देऊ नका.

आणि एक, गालाच्या पिशव्या. त्यात भरलेला ओला तुकडा तो तुमच्यासमोर खातोच असं नाही, बिळात नेऊन लपवतो आणि तो तिथे सडतो. डॉक्टरांनी बिट्टूला सलाइन दिलं, चार दिवसांत तो चाकावर पळायला लागला. आता भाची रोज झोपायच्या आधी त्याचं घरटं हलक्या हाताने चाचपते, परवा तिला तळाशी काकडीची अर्धी फोड सापडली.