वॉकिंग फूट चालत नाही? आधी दांडी बघा

आमच्या दादरच्या दुकानातून गोधडीसाठी वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही पुढे सरकवणारा शिलाई मशीनचा फूट, नेला की चार-आठ दिवसांत फोन येतो. “दादा, फूट खराब निघाला, कापड पुढे जातच नाही.” आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दांडी सुईच्या स्क्रूवर बसवलीत का? पलीकडे जरा वेळ शांतता, मग “कुठली दांडी?” हा कागद त्यासाठीच खोक्यात घातला आहे.

फुटाच्या उजव्या अंगाला एक दांडी असते. तुमची सुई ज्या स्क्रूने आवळली जाते, त्या स्क्रूवर ती टेकली पाहिजे. टोक दुबेळकं असेल तर स्क्रू त्या बेळक्यात आला पाहिजे. सुई वर गेली की दांडी वर जाते आणि नेमके तेव्हाच फुटाचे स्वतःचे दाते खाली येऊन वरचं कापड धरतात. मशीनचे, म्हणजे सुईखालच्या पत्र्यातले, दाते खालचा थर सरकवतात, हे दाते वरचा. आजीच्या नऊवारीच्या चार घड्या मग एकत्र पुढे जातात, कडेला चुणी येत नाही. दांडी मोकळी राहिली तर वरचे दाते नुसते बसून राहतात आणि टाके एकाच जागी पडतात. ती स्क्रूच्या खाली अडकली तर आणखी वाईट. सुई खाली येताना स्क्रू दांडीवर दाबतो आणि प्लास्टिकची दांडी मोडते. अशी मोडलेली दांडी आम्ही बदलून देत नाही. राग मानू नका, पण तुटल्याची खूण बघून कारण कळतं.

बसवताना मशीनचं बटण बंद ठेवा, सुई पूर्ण वर घ्या. नेहमीच्या फुटाचा खालचा तळ काढून भागत नाही, तो धरणारा होल्डरही काढायचा. वॉकिंग फूट मागच्या बाजूने सरकवा, दांडी सुईच्या स्क्रूवर ठेवा, मग फुटाचा स्क्रू पेचकसाने आवळा. बोटांनी आवळलेला स्क्रू मशीनच्या थरथरीने सैल होतो, फूट तिरका होतो आणि सुई त्याच्यावर आपटते. शेवटी चाक हाताने आपल्याकडे एक पूर्ण फेरा फिरवा. सुईबरोबर दांडी वर-खाली होताना दिसली तरच पायाखालचं पेडल दाबा. हा एक फेरा बहुतेक जणी गाळतात.

मागे डोंबिवलीहून एक काकू मशीन चादरीत गुंडाळून लोकलने घेऊन आल्या. मी चाक फिरवलं, दांडी उचलून स्क्रूवर ठेवली, झालं. त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं! एवढ्यासाठी आम्ही पैसे घेत नाही. पण मशीन उघडावं लागलं तर तपासणीचे पैसे लागतात, दोष सापडो वा न सापडो. कारण वेळ तेवढाच जातो. आणि तपासायला नुसता फूट आणू नका. फूट आणि तुमच्या सुईचा स्क्रू यांची जोडी जमते का, तेच बघायचं असतं.

नवीन फूट घेण्याआधी एक माप घ्या. फूट खाली टेकवून, फुटाच्या स्क्रूपासून खालच्या पत्र्यापर्यंत पट्टी लावा. अर्धा ते पाऊण इंच भरलं तर लो शँक, म्हणजे फूट बसवायचा दांडा आखूड; एक इंच किंवा जास्त असेल तर हाय शँक, म्हणजे दांडा लांब. घरगुती मशीनं बहुतेक लो शँकच असतात. कारखान्यातल्या मशीनला हा फूट चालत नाही. जुन्या काळ्या मशीनवर सुईचा स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आम्हाला बघू द्या, मगच विकत घ्या.

टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, वेग कमी. सुई १४ नंबरची, साड्या जास्त थरांच्या असतील तर १६. सात-आठ तास शिवलं की सुई बदला; सुई स्वस्त आहे, उसवायला जाणारी दुपार नाही. या फुटाने उलटी शिलाई मारू नका. सुरुवातीला दोरे लांब सोडा, हाताने गाठ मारून आतल्या थरात ओढून घ्या.

वळणावळणाची नक्षी काढायला फ्री मोशनचा फूट वेगळा लागतो. तिथे मशीनचे दाते खाली करतात, कापड हाताने फिरवतात. तो फूट कापडापासून थोडा वर तरंगतो, त्यामुळे फूट वर-खाली करायचं लिव्हर खाली करायचं राहून जातं. लिव्हर वर असलं की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. दोष बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, नसतो, तरी लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात. मग तोही आम्हालाच लावावा लागतो.

राहिली देखभाल. जुन्या सुती साडीचा भुगा फार पडतो. प्रत्येक गोधडीनंतर दातांतला आणि बॉबिनखालचा भुगा ब्रशने काढा. फुंकर मारू नका, तो आत जातो आणि तोंडाची वाफही. फुटाच्या सांध्यावर मशीनच्या पातळ तेलाचा एकच थेंब, मग चिंधीवर दहा-बारा टाके. खोबरेल कधीच नाही, ते चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात, त्यातून समुद्राजवळ राहत असाल तर, फूट मशीनवर लावून ठेवू नका. पुसून झाकणाच्या डबीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी. तेल आणि सुयांची पाकिटं दुकानात असतात; फूट घेतानाच न्या म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.

सोमवारी दुकान बंद. मशीन आणायचंच असेल तर दुपारी बारा ते चारच्या मध्ये या, गाडीला गर्दी कमी असते. ज्या गोधडीवर अडलं तिचाच एक तुकडा बरोबर आणा.