कुडलच्या तुळईवरचा तिरपा उजेड

पॅरिसचं नोत्र दाम २०१९ च्या एप्रिलात जळालं, तेव्हा 'आता ते व्हिडिओ गेमवरून पुन्हा बांधणार' अशी बातमी फिरली होती. अजूनही फिरते. गेममधलं नोत्र दाम कलाकारांनी हाताने रचलेलं होतं. लेझरने मोजलं होतं ते कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी, शंभर कोटींहून अधिक बिंदूंत. देखावा वेगळा आणि मोजमाप वेगळं.

हे आठवायचं कारण माझा पुतण्या. सोलापुरात बसून तो हत्तरसंग कुडलचं संगमेश्वर मंदिर गेममध्ये उभं करतोय. सीना-भीमेच्या संगमावरच्या या मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मोबाइलवर काढलेल्या शेकडो फोटोंवरून त्याचं मॉडेल तयार झालं, पण ज्या चिमुकल्या त्रिकोणांनी त्याचा पृष्ठभाग जोडलेला असतो, ते दोन कोटींच्या वर! गेमला सेकंदाला ६० चित्रं काढायची, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. त्रिकोण पन्नास हजारांवर आणले, तर तुळई साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. अक्षरं गायब.

ती परत कशी आली, हा माझा सगळ्यात आवडता भाग. योहान लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये मांडलेला नियम असा: पृष्ठभागावर लंब उभा करा. लंब आणि प्रकाशाची दिशा यांच्यातल्या कोनाचा कोसाइन जेवढा, तेवढा उजळपणा. शून्य अंशाला पूर्ण, ६० ला निम्मा, ९० ला काळोख. या हिशेबात खोली कुठेच येत नाही, फक्त लंबाची दिशा येते. १९७८ मध्ये संगणक-चित्रणाचे संशोधक जिम ब्लिन यांनी नेमकं हेच पकडलं: पृष्ठभाग सपाटच ठेवा, लंब तेवढा कलवा. त्यातून पुढे नॉर्मल मॅप आला. दोन कोटी त्रिकोणांच्या मूळ मॉडेलवरच्या प्रत्येक जागेच्या लंबाचे तीन घटक लाल, हिरव्या, निळ्या रंगांत साठवायचे. उणे एक ते अधिक एक यांचं होतं ० ते २५५. सरळ बाहेर पाहणारा लंब (०, ०, १), त्याचा रंग १२८, १२८, २५५. म्हणून हे नकाशे जांभळट निळे दिसतात. गेम चालू असताना प्रत्येक पिक्सेलला हा लंब आणि दिव्याची दिशा यांचा अदिश गुणाकार होतो, म्हणजे लाम्बर्ट यांचा तोच कोसाइन मिळतो, आणि सपाट तुळईवर अक्षरं उमटतात.

कुडलला आम्ही टॉर्च समोरून मारला तेव्हा काही लागेना. तुळईला चिकटवून आडवा धरला आणि अक्षर न् अक्षर वर आलं. समोरच्या उजेडात दगड १० अंश कलला तर उजळपणा दीड टक्काच घटतो. ८० अंशांवरून येणाऱ्या उजेडात तेवढ्याच कलाने तो जवळजवळ दुप्पट होतो. शिलालेख वाचणारे म्हणूनच तिरपा उजेड धरतात.

असल्या मंदिरांना 'परग्रहवासीयांचं काम' म्हणणाऱ्यांनी मूळ मॉडेल मोठं करून पाहावं. छिन्नीचे घाव दिसतात, एकासारखा दुसरा नाही. हजार वर्षांपूर्वी काळ्या दगडाशी झुंजलेल्या पाथरवटांचं श्रेय हिरावून घेणं मला सहन होत नाही.

नॉर्मल मॅप एका ठिकाणी मात्र हरतो: कडेला. पृष्ठभाग सपाटच असल्याने बाह्यरेषाही सपाट राहते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातल्या शिवलिंगावर ३५९ मुखं आहेत. बाजूने पाहिलं की नाकं-हनुवट्या कडेबाहेर डोकावायला हव्यात. तिथे पुतण्याने त्रिकोण अजिबात कमी केले नाहीत. गेम त्या गाभाऱ्यात थोडा अडखळतो.