‘सुई उकळलेली आहे हो!’

फर्ग्युसन रस्त्यावर टॅटू काढून घ्या नाहीतर तुळशीबागेत नाक टोचून घ्या, ‘सुई उकळलेली आहे, काळजी नको’ हे आश्वासन कुठे ना कुठे मिळतंच. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. त्यात बहुतेक जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं जाड कवचातलं सुप्त रूप, तग धरू शकतात.

याचं कारण मोठं सुंदर आहे. उष्णतेने प्रथिनं मोडायची तर पाण्याची मदत लागते आणि बीजाणूच्या गाभ्यात पाणी फारच थोडं असतं. कोरड्या उष्णतेने त्याला मारायला १६० अंशांवर दोन तास लागतात. ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करायच्या यंत्रातली १२१ अंशांची वाफ तेच काम पंधरा मिनिटांत करते. यंत्र तत्त्वतः आपला कुकरच, दाब वाढला की उत्कलनबिंदू चढतो. पण खरी करामत वाफेची. गार सुईला लागताच तिचं पाणी होतं आणि ग्रॅममागे पाचशेहून जास्त कॅलरी अप्रकट उष्मा धातूवर ओतला जातो. शिवाय पाणी होताना वाफेचं आकारमान शेकडो पटींनी घटतं, म्हणून मोकळ्या झालेल्या जागेत नवी वाफ आपसूक ओढली जाते.

हवेचं असं काही होत नाही. टोचायच्या पोकळ सुईत ती अडकली, तर काटा दाब बरोबर दाखवतो आणि नळीच्या आत तापमान मात्र कमीच राहतं. पाकिटावरची रंग बदलणारी पट्टीही बाहेरचंच सांगते. म्हणून जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू अधूनमधून यंत्रात ठेवायचे आणि नंतर ते उगवतात का ते पाहायचं. उगवले, तर यंत्र नापास.

निळ्या दिव्याच्या कपाटावर भाळू नका. अतिनील किरण सावलीत आणि नळीत शिरत नाहीत. ‘सोन्याच्या तारेला जंतू लागत नाहीत’ हेही निव्वळ थोतांड. सोनं गंजत नाही, एवढंच! कान टोचायच्या बंदुकीचं प्लॅस्टिक तर ऑटोक्लेव्हमध्ये वितळेल, मग ती नुसती पुसली जाते.

सुई एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. आणि शाईकडे बघा. रक्ताला लागलेली सुई पुन्हा पुन्हा त्याच टोपणात बुडते. वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बी चा विषाणू सात दिवस टिकू शकतो. टोपणातली उरलेली शाई कुणी परत बाटलीत ओतताना दिसलं, तर तिथून सरळ उठा.