इंजिनच्या पोटातली दांडी: मॉडेल कार किटांची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन गाड्यांची किटं (सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून छोटी गाडी बनवायची असते ती) जोडणाऱ्याला हे कधी ना कधी दिसतंच, इंजिन ब्लॉकच्या पोटात आरपार भोक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मोल्डिंगमध्ये काहीतरी गडबड झालीये, म्हणून मोठ्या हौसेने पुट्टी भरली, वाळू दिली, पॉलिश पेपर मारून ब्लॉक गुळगुळीत केला, रंग पण दिला, आणि मग पुढची चाकं लावायला घेतली तर कळलं की त्यांची लोखंडी दांडी त्याच भोकातून जायची होती. खऱ्या गाडीत इंजिनातून एक्सल कसा जाईल, नाही का? पण किटमध्ये जातो, आणि तो का जातो हे शोधायला गेलं की ह्या छंदाचा निम्मा इतिहास हाताला लागतो. थोडक्यात सांगायचं तर ही किटं मुळात आपल्यासारख्यांसाठी बनलीच नव्हती, गाड्या विकणाऱ्यांच्या सोयीसाठी जे बनलं त्यातून ती निघाली.

प्लॅस्टिकच्या आधी सगळं लाकूडकाम होतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी क्राफ्ट्समन्स गिल्ड नावाची स्पर्धा सुरू केली, त्यात पहिल्यांदा नेपोलियनच्या काळातली घोड्याची बग्गी बनवायची असायची (फिशरच्या लोगोवर तीच बग्गी होती). १९३७ पासून स्वतःच्या मनातली गाडी डिझाईन करून १/१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात, बनवायचा विभाग आला. बक्षीस म्हणून कॉलेजच्या स्कॉलरशिप होत्या, आणि त्यामागे कंपनीचा हिशोब असा की चांगला हात असलेली पोरं लहानपणीच हेरून ठेवायची. तो हिशोब चुकला नाही, १९४७ ला जिंकलेला चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या अख्ख्या डिझाईन विभागाचा प्रमुख झाला. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. म्हणजे मॉडेल कार आणि खऱ्या कारच्या धंद्याचं नातं सुरुवातीपासूनचं आहे, ते नंतर जुळलेलं नाही.

प्लॅस्टिकचे किट पहिल्यांदा आले ते विमानांचे, ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये १/७२ मापात काढले, सेल्युलोज ॲसिटेटचे. महायुद्धानंतर इंजेक्शन मोल्डिंगच्या मशिनी आणि पॉलिस्टायरीन दोन्ही सहज मिळायला लागलं आणि मग गाड्यांचा नंबर लागला. इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाब देऊन स्टीलच्या साच्यात घुसवायचं आणि गार झालं की काढायचं. साचा करणं प्रचंड महाग, पण एकदा झाला की एकेक नग अगदी स्वस्त. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं ह्याच्यावरच फिरतं.

१९५०च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने हायवे पायोनियर्स नावाची १/३२ मापातली जुन्या गाड्यांची मालिका आणली, ती तुफान चालली आणि किट नावाचं काहीतरी लोक विकत घेतात हे सगळ्यांना कळलं. पण खरा मसाला अमेरिकन मोटारधंद्याचं शहर डेट्रॉइट, त्याच्या आसपास शिजत होता. वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलाने १९४८ मध्ये एएमटी ही कंपनी काढली, नावाचा पूर्ण अर्थ अॅल्युमिनियम मॉडेल टॉईज, कारण पहिली फोर्ड त्यांनी अॅल्युमिनियममध्येच ओतली होती, मग लवकरच प्लॅस्टिककडे वळले. ही मॉडेलं दुकानात खेळणी म्हणून ठेवायला नव्हती, ती प्रोमो होती, म्हणजे कार डीलरच्या टेबलावर ठेवायचा नमुना, गिऱ्हाईकाला रंग दाखवायला, आणि बाबा गाडी बघत असताना पोराच्या हातात द्यायला. रंग कंपनीच्या खऱ्या गाडीचाच, आणि आकार इतका अचूक की आज बघून पण थक्क व्हायला होतं, कारण कार कंपन्या स्वतः आपल्या नवीन मॉडेलची ड्रॉइंगं ह्या लोकांना द्यायच्या. सुरुवातीचे प्रोमो ॲसिटेटचे असल्यामुळे वर्षं गेली तशी त्यांची छतं वाकडी झाली, बोनेट पिळवटले, आज सरळ राहिलेला नग सापडणं म्हणजे नशीबच.

आता विचार करा, साचा तयार आहे, त्यासाठी खर्च झालेला आहे, आणि प्रोमोचा हंगाम नवीन गाडी आली की संपतो. मग तीच बॉडी सुटी, न रंगवलेली, वर थोडे जास्तीचे पार्ट टाकून डब्यात भरून विकली तर? एएमटीने १९५८ मध्ये नेमकं हेच केलं आणि त्याला थ्री-इन-वन म्हटलं, एकाच डब्यात कंपनीतून निघते तशी गाडी, कस्टम म्हणजे मनासारखी बदललेली गाडी किंवा रेसिंगची गाडी, जी पाहिजे ती बनवा. बंपर दोन-दोन, ग्रिल दोन, चाकांच्या टोप्या दोन प्रकारच्या, उरलेले पार्ट आपल्या डब्यात जमा, आणि असा डबा प्रत्येक मॉडेलरकडे असतोच. पहिल्या वर्षीच्या त्या किटांत इंजिनच नव्हतं, चासी म्हणजे प्रोमोचीच एक सपाट थाळी, स्क्रूने बसवायची, आणि तिच्यावर लोखंडी दांडीवर फिरणारी चाकं. नंतर लोकांना बोनेट उघडून इंजिन बघायचं होतं म्हणून इंजिन आलं, पण दांडी होती तिथेच राहिली, मग इंजिनला भोक पाडण्याशिवाय इलाज काय होता!

ह्याच व्यवस्थेचा अजून एक परिणाम आहे जो जुन्या किटांच्या मागे लागलेल्यांना फार छळतो. डेट्रॉइटच्या गाड्या दरवर्षी थोड्या बदलायच्या, नवीन ग्रिल, नवीन टेललाईट, बाकी तेच, तर किटवाले पण नवीन साचा करायच्या ऐवजी जुनाच साचा कोरून बदलायचे. म्हणजे ६३ची गाडी आली की ६२ची कायमची गेली, परत काढायची म्हटलं तरी साचाच शिल्लक नाही. म्हणून काही मॉडेलं पुन्हा पुन्हा बाजारात येतात आणि काही कितीही मागणी असली तरी येतच नाहीत.

१९६०चं दशक म्हणजे ह्या छंदाची दिवाळी. खऱ्या गाड्या कापून-जोडून नावाजलेला जॉर्ज बॅरिस एएमटीसाठी काम करत होता, तर रेव्हेलने कार्टून काढणाऱ्या आणि चित्रविचित्र गाड्या बनवणाऱ्या एड रॉथला धरलं, त्याचा तो हिरवा ओंगळ उंदीर रॅट फिंक १९६३ मध्ये किट होऊन आला. १९६३ मध्येच एमपीसी ही किट कंपनी निघाली, शिकागोची मोनोग्राम होतीच, जो-हॅन पण होती. गोंदाची भानगड पण ह्याच काळातली. मॉडेलचा गोंद खरं तर चिकटवत नाही, तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात, त्यात टोल्यूइनसारखे द्रव असायचे आणि पोरं ते हुंगायला लागली, पेपरात ओरड झाली, काही ठिकाणी लहान मुलांना विकायला बंदी आली, आणि गोंद बनवणाऱ्या टेस्टर्स कंपनीने दशकाच्या शेवटी त्यात मोहरीचं झणझणीत तेल घातलं म्हणजे हुंगणाऱ्याच्या नाकातोंडातून पाणी यावं.

मापाचा घोळ पण इथलाच. १/२४ म्हणजे खऱ्या एका फुटाला अर्धा इंच, हिशोबाला सोपं, मोनोग्रामने आणि पुढे जपान्यांनी ते धरलं. प्रोमोवाले मात्र १/२५ वर होते आणि त्यांची किटं आपोआप त्याच मापाची झाली. फरक किती, तर ४.८ मीटरची गाडी एकात २०० मिलिमीटर, दुसऱ्यात १९२. आठ मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण एकाचं इंजिन दुसऱ्याच्या बॉडीत बसवायला गेलात की इथेच घोडं पेंड खातं.

जपानची वाट वेगळी. शिझुओका हे लाकूडकामाचं जुनं गाव, तिथे १९४६ मध्ये तामिया सुरू झाली ती लाकडाची वखार म्हणून. मग लाकडी मॉडेलं, आणि १९६० मध्ये पहिलं प्लॅस्टिक किट, यामातो युद्धनौका. गाड्यांमध्ये त्यांनी १९६७ मध्ये १/१२ ची होंडा एफ-वन आणली आणि तिथून मोजमापाची शिस्तच बदलली. पोर्शे ९३४ च्या वेळी शुन्साकू तामियांनी चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि खोलून सुटी केली, आतलं नीट कळावं म्हणून! त्या मेहनतीतून १९७६ ला १/१२ चं किट आलं आणि त्याच वर्षी त्याच गाडीचं रिमोट कंट्रोल रूप, ज्याने कंपनीचं नशीबच उघडलं. तामियाचं किट जोडताना पार्ट खटकन बसतो, कानस चालवावी लागत नाही, ही सवय तिथून लागली, आणि मग जुनं अमेरिकन किट हातात घेतलं की जीव मेटाकुटीला येतो. इटलीच्या पोकरने तर १/८ मध्ये दोन हजारांच्या वर पार्ट असलेली रोल्स-रॉईस फँटम काढली, ती जोडणं म्हणजे नोकरीच.

१९७३ नंतर तेल महागलं, पॉलिस्टायरीन तेलापासूनच बनतं, त्यात मुलं दुसऱ्या खेळांकडे गेली आणि कंपन्या एकमेकींच्या हातात फिरायला लागल्या. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ मध्ये एक झाल्या, एएमटी आणि एमपीसी आज राउंड टू नावाच्या कंपनीकडे आहेत. आणि एक उलटापालट झाली, जे कारवाले पूर्वी स्वतः ऑर्डर देऊन मॉडेल बनवून घ्यायचे तेच आता लायसन्सचे पैसे मागतात. सिगारेटच्या जाहिरातींचे नियम कडक झाले तसे रेसिंग गाड्यांच्या डीकल शीटवरून (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांचा कागद) ते लोगो पण गेले, गाडी लाल-पांढरी पण नाव कोरं, ते लोगो बाहेरून वेगळे घ्यायचे.

डीटेलिंग हा छंदातला छंद वाढला तो ह्याच काळात, कारण आता जोडणारी मुलं नव्हती, मोठी झालेली तीच मुलं होती, आणि साच्याने जे दिलं नाही ते त्यांना पाहिजे होतं. साचा काय देऊ शकत नाही हे आकड्यात बघा, खऱ्या दरवाज्याची फट ४ मिलिमीटर, १/२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर, एवढी बारीक रेघ साच्यात धड येत नाही आणि आली तरी रंगाच्या थरात बुजते, कारण रंगाचा ०.१ मिलिमीटर थर म्हणजे त्या मापात जवळपास अडीच मिलिमीटर जाड! म्हणून रंग द्यायच्या आधी रेघा कोरून खोल करायच्या, रंग एअरब्रशने पातळ मारायचा आणि शेवटी रेघेत गडद रंग सोडायचा. खिडकीच्या कडेची क्रोम पट्टी रंगवून कधीच खरी वाटत नाही, त्यासाठी बेअर मेटल फॉइल, हाताला जाणवणार नाही इतका पातळ चिकट पत्रा, काडीने दाबत दाबत बसवायचा आणि कोऱ्या ब्लेडने कडेने कापायचा, ब्लेड जरा जरी जुनं असलं की फॉइल फाटतं आणि पहिल्यापासून सुरू. पुढे फोटो-एच, म्हणजे ॲसिडने कोरलेले पातळ पितळी पार्ट आले, रेझिनच्या बॉडी आल्या, स्पार्क प्लगच्या केसाएवढ्या वायरी, कार्पेटसाठी फ्लॉकची, म्हणजे बारीक धाग्यांची पावडर, आणि आता घरच्या थ्रीडी प्रिंटरवर अख्खी इंजिनं निघतात.

जुने साचे मात्र जे वाचले ते चालूच आहेत, डब्यावरचं चित्र नवीन, डीकल नवीन, टायरवर छापील अक्षरं. मागच्याच महिन्यात तसं एक साठच्या दशकातलं किट उघडलं, इंजिनला भोक आहेच. ह्या वेळी पुट्टी भरायच्या आधी दांडी कापून तिचे दोन तुकडे केले.