असेंब्लीतला एआर: चष्मा की प्रोजेक्टर, हा वाद आला कुठून

एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर संगणकाने दाखवलेलं चित्र किंवा सूचना, एवढं सांगून थेट मुद्द्यावर येतो. असेंब्ली लाईनवर, म्हणजे पार्ट जोडून वस्तू बनवतात तिथे, एआर आणायचं ठरलं की पहिली खडाजंगी होते ती यावर, की ऑपरेटरच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचा की टेबलाच्या वर प्रोजेक्टर टांगायचा. हा वाद आजचा नाही.

डोक्यावर घालायचा पारदर्शक डिस्प्ले १९६८ पासून लॅबमध्ये होता, पण असेंब्लीत त्याचा विचार सुरू झाला १९९० च्या आसपास, सिएटलकडच्या एका विमान कंपनीत. वायरिंग हार्नेस, म्हणजे विमानातल्या वायरांचे जुडगे, बांधायला तिथे मोठे बोर्ड असायचे, बोर्डावर फुल साईज ड्रॉइंग, जागोजागी खुंट्या, आणि कामगार वायरचा नंबर बघून ती खुंट्यांमधून ओढत न्यायचा. हार्नेस बदलला की बोर्ड बदलला, म्हणजे बोर्ड बनवा, सांभाळा, डिझाईन बदललं की परत दुरुस्त करा. दोन इंजिनिअरांनी १९९२ च्या पेपरात मांडलं की बोर्ड कोराच ठेवू, पुढच्या वायरचा रस्ता डोळ्यासमोरच्या काचेत दाखवू. ऑगमेंटेड रिॲलिटी हे नावही तिथूनच रूढ झालं. पुढे कारखान्यात छोट्या चाचण्या झाल्या, पण रोजच्या कामात ते काही रुळलं नाही.

का नाही रुळलं, तिथेच आजच्या वादाचं मूळ आहे. चष्मा डोक्यासोबत हलतो, त्यामुळे मान जरा वळली की रेघ कुठे काढायची याचं गणित परत, आणि त्यात क्षणभर उशीर झाला तरी रेघ शेजारच्या खुंटीवर दिसते, म्हणजे चुकीचीच सूचना. डोकं कुठे वळलं ते चुंबकीय क्षेत्रावरून ओळखणारे त्या काळचे मॅग्नेटिक ट्रॅकर तर आसपास लोखंड असलं की गडबडायचे, आणि कारखान्यात लोखंड नाही अशी जागा शोधायची कुठे! प्रोजेक्टरचं तसं नाही, तो आणि टेबल दोन्ही जागच्या जागी, एकदा कॅलिब्रेट केलं, म्हणजे उजेड नेमका कुठे पडायचा ते जुळवलं, की पार्ट ठेवायच्या जागेवर उजेड पडतो, ऑपरेटरला अंगावर काहीच घालावं लागत नाही. पण हाताची सावली पडते, पार्टच्या मागच्या बाजूला काही दाखवता येत नाही आणि विमानाच्या पोटात शिरून काम करायचं असेल तर प्रोजेक्टर टांगणार कुठे?

माझं मत स्पष्ट आहे, एका जागी बसून किंवा उभं राहून होणाऱ्या असेंब्लीत प्रोजेक्टरच. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या एआर चष्म्याचं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या वर आहे, ते आठ तास मानेवर घेऊन टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) चालवायला कुणाला सांगू नये. वर नंबरचा चष्मा, सेफ्टी गॉगल, शिफ्ट बदलली की तोच पट्टा दुसऱ्याच्या कपाळाला. शिवाय कॅमेरा दिवसभर ऑपरेटर बघतो तेच बघत असतो, तो डेटा कोण बघणार? जर्मनीत कामावर नजर ठेवू शकणारं यंत्र आणायचं तर कायद्यानेच कामगार समितीची संमती लागते, आणि मला ते शंभर टक्के योग्य वाटतं.

चष्म्याच्या बाजूने बोलणारे आकडे दाखवतात. २००३ च्या एका प्रयोगात छापील मॅन्युअलच्या तुलनेत चुका ८२ टक्क्यांनी कमी झाल्या, हा आकडा प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो, पण तिथे जोडायचे होते खेळण्यातले ठोकळे, हे कुणी सांगत नाही. नंतर युरोपातल्या एका विमान कारखान्यात टॅबलेटवर एआर वापरून विमानाच्या बॉडीतले साठ ते ऐंशी हजार ब्रॅकेट (वायरी, पाइप धरून ठेवणारे आधार) तपासायचं काम तीन आठवड्यांवरून तीन दिवसांवर आल्याचं कंपनीने सांगितलं, म्हणजे तिथे चष्माही नाही आणि प्रोजेक्टरही नाही. आणि ते इन्स्पेक्शन होतं, असेंब्ली नव्हती.

खरा जोर आला २०१३ नंतर. गुगलचा ग्लास हा चष्मा आला, ग्राहकांनी नाकारला, मग २०१७ ला कारखान्यांसाठीची आवृत्ती आली. तिच्यात डोळ्याच्या कोपऱ्यात एक छोटा स्क्रीन, खऱ्या पार्टवर काही चिकटत नाही, तरी सगळे तिला एआरच म्हणत राहिले. २०१६ ला होलोलेन्स, २०१९ ला त्याची दुसरी आवृत्ती. मग मार्च २०२३ मध्ये ग्लासची विक्री थांबली, २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादन बंद झालं, सिक्युरिटी अपडेट तेवढे २०२७ च्या अखेरपर्यंत. ज्यांनी वर्क इन्स्ट्रक्शन त्याच चष्म्यासाठी बनवल्या त्यांना आता त्या दुसऱ्या कशावर तरी हलवाव्या लागणार, आणि तेव्हा तरी लाईनवरच्या माणसाला आधी विचारा.